बांधावरची बावची आणि अंगावरचे डाग



काळ्या रानात कपाशी-शाळूच्या बांधाला बावची आपोआप उगवते. निळसर जांभळी बारीक फुले आणि उग्र वासाचे काळे बी. आपण ती तण म्हणून उपटतो. तिच्याच बियांची पूड आणि तेल कोडावर, म्हणजे अंगावरच्या पांढऱ्या डागांवर, औषध म्हणून बाजारात विकतात.

पेठ वडगावच्या बैठकीत भाव, कर्ज आणि पाणी सोडून हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. लेकीच्या अंगावर डाग दिसला की सोयरीक मोडते. मग बाप कर्ज काढून भोंदूंच्या दारी फिरतो. दुष्काळाने न बुडालेले घर अशा खर्चाने बुडते. शेतकऱ्याच्या लुटीच्या हिशेबात हीही रक्कम धरली पाहिजे.

आधी रोग समजून घेऊ. कातडीच्या रंगपेशी मेलॅनिन नावाचे द्रव्य तयार करतात, त्यानेच आपला वर्ण ठरतो. कोडात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या पेशी मारते. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणात निजल्याने लागत नाही. मागल्या जन्मीच्या पापाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मात्र फिकट डागाला बधिरपणा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

आता बावची. आयुर्वेदात ती बाकुची म्हणून जुनी आहे. 1933 साली जोइस, मंजुनाथ आणि व्यंकटराव या आपल्याच देशातील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या बियांतून सोरालेन हे द्रव्य वेगळे केले. 1940 च्या दशकात कैरोचे डॉ. एल मोफ्ती यांनी इजिप्तमधल्या एका रानवनस्पतीतले याच जातीचे द्रव्य देऊन कोडाच्या रोग्यांवर उपचार केले. पुढे सोरालेन आणि मोजून दिलेला अतिनील प्रकाश अशी उपचाराची रीतच जगभर बसली. तेव्हा आजीबाईचा बटवा खोटा नव्हता.

पण याच गुणात धोका आहे. सोरालेन एकटे काम करीत नाही, त्याला ऊन लागते. कातडीत मुरलेल्या सोरालेनवर ऊन पडले की डागातल्या केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी जाग्या होतात आणि डागात काळसर ठिपके उमटू लागतात. ऊन जास्त झाले तर तीच कातडी भाजते, टरटरून फोड येतात. हे लगेच कळतही नाही. एक-दोन दिवसांनी आग उठते. दवाखान्यात उजेड मिनिटे मोजून देतात आणि डोळ्यांना काळा चष्मा लावतात. आमची माउली सकाळी तेल लावून दिवसभर कापूस वेचते किंवा शाळू काढते. तिच्या उन्हाचे माप कोण घेणार? बावचीची पूड पोटात घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून बावची घरच्या घरी लावू नये आणि खाऊ तर मुळीच नये. गरोदर बायांनी आणि लेकरांनी तर तिच्या वाटेलाच जाऊ नये.

आणखी एक गोष्ट घरोघर सांगा. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदातली आणि रबरी चपलेतली काही रसायनेही रंगपेशी मारतात. डाग नेमका टिकलीच्या किंवा चपलेच्या पट्ट्याच्या जागी उठला, तर ती वस्तू आधी बंद करा.

'कोड हमखास बरे' अशी जाहिरात करणे हा 1954 च्या जादूटोणा औषध जाहिरातविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याच्या यादीत कोडाचे नाव आहे. हमखास कोणीच सांगू शकत नाही. चेहऱ्यावरचे डाग पुष्कळदा भरतात. ओठांवरचे आणि बोटांच्या टोकांवरचे फार चिवट असतात. उपचार महिनोन्‌महिने चालतो. तेव्हा पुडीवाल्याला पैसे देण्याआधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

औषधाने डाग भरो वा न भरो, माणूस कमी होत नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनने कोड असलेल्यांना एकत्र आणले, त्यांचे वधूवर मेळावे भरवले. 2006 सालचा 'नितळ' हा मराठी चित्रपटही याच विषयावर आहे. हे काम शहरापुरते का राहावे? बैठकीहून परतताना प्रत्येकाने एवढे ठरवावे: गावात कोड असलेल्या माणसाला पंगतीत शेजारी बसवीन, आणि डागाच्या कारणाने मोडू पाहणारी सोयरीक माझ्या घरात मोडू देणार नाही. याला सरकारचे अनुदान लागत नाही.