पोलाद विकावे, पण कोणत्या अटींवर?

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून सजविलेल्या त्या नगरात खानदेशच्या शेतकऱ्यांपुढे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बोलले, ते केवळ शेतसारा आणि सावकारी यांवर नव्हे. स्पेनमधील यादवी युद्ध आणि युरोपातील फॅसिझम यांचा आपल्या स्वातंत्र्याशी असलेला संबंधही त्यांनी श्रोत्यांना समजावून दिला, आणि त्याच अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम संमत केला. हे स्मरण अशासाठी की, नेपाळला, श्रीलंकेला किंवा घानाला भारताने पोलाद कसे विकावे हा प्रश्न केळीच्या बागांत राहणाऱ्या कार्यकर्त्याचा नव्हेच, असे म्हणण्याची सोय फैजपूरकरांना तरी नाही.

पोलाद कारखानदारांची नजर आज लहान, नव्याने उभ्या राहणाऱ्या देशांकडे वळली आहे. याचे कारण त्या देशांविषयीचा जिव्हाळा हे नसून मोठ्या बाजारांची दारे बंद होत आहेत, हे आहे. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये आयात पोलादावर २५ टक्के जकात बसविली आणि जूनमध्ये ती ५० टक्क्यांवर नेली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद तयार करताना हवेत सोडलेल्या कर्बाचा हिशेब मागून त्यावर आकार घेण्यास आरंभ केला. कोळशावर चालणाऱ्या आपल्या झोतभट्ट्यांना तो जड जाणार. चीनने २०२४ मध्ये ११ कोटी टनांहून अधिक पोलाद जगाच्या बाजारात लोटले. भारताची तयार पोलादाची निर्यात २०२१-२२ मध्ये सुमारे १३५ लाख टन होती, ती २०२४-२५ मध्ये ५० लाख टनांच्या आत आली, आणि त्या वर्षी आयात मात्र ९५ लाख टनांच्या घरात गेली. तेव्हा नव्या गिऱ्हाइकांचा शोध सुरू व्हावा, यात नवल नाही.

निर्यातीला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण समाजवाद्यांना नाही. परंतु निर्यातीचे धोरण कोणासाठी वाकते आणि कोणासाठी ताठ राहते, हे पाहिले पाहिजे. देशात पोलाद महागले म्हणून सरकारने मे २०२२ मध्ये त्यावर १५ टक्के निर्यात शुल्क बसविले. कारखानदारांनी गाऱ्हाणे मांडले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे सहा महिन्यांत, ते उठले. कांद्याची कथा याहून वेगळी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरात संपूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क कायम, पुढे ते २० टक्के, आणि अखेर १ एप्रिल २०२५ रोजी सुटका. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांतील कांदा उत्पादकाचे गाऱ्हाणे ऐकू जाण्यास दिल्लीला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. पोलाद गोदामात थांबू शकते, कांदा चाळीत सडतो. उतावीळ कोणासाठी व्हायला हवे होते?

आता मुख्य मुद्दा. ज्या लहान देशांकडे आपण बाजार म्हणून पाहतो, त्यांच्या जागी एके काळी आपणच होतो. भुसावळवरून जाणारा लोहमार्ग टाकला गेला तेव्हा त्याचे रूळ विलायतेहून आले. जमशेदपूरला १९१२ मध्ये पोलाद निघू लागले, पण पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमचे व इतर युरोपीय देशांचे स्वस्त पोलाद येऊन पडू लागताच तो कारखाना मेटाकुटीला आला. म्हणून १९२४ मध्ये पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा करावा लागला. परदेशी मालावर जकात बसली, देशी रुळांना सरकारी अनुदान मिळाले. त्या वेळी कोणी आपल्याला ‘खुल्या व्यापाराचे शत्रू’ म्हटले असते तर आपण ते मानले असते काय?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटला. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला. अडीच टक्के व्याज, बारा वार्षिक हप्ते, फेड रुपयांत, आणि त्या रुपयांतून त्यांनी भारताचाच माल घ्यायचा. भारतीय अभियंते तिकडे शिकून आले, आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. सोव्हिएत राजवटीविषयी आपल्या चळवळीचे मत काय होते हे जुन्या वाचकांना सांगावयास नको. तिच्या छळछावण्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण व्यवहार म्हणून हा करार तपासला तर दिसते ते असे की, विकणाऱ्याने नुसते पोलाद न विकता पोलाद करण्याची शक्ती विकली, आणि घेणाऱ्याला डॉलर जमविण्याच्या विवंचनेतून मोकळे केले.

आज आपण विकणारे झालो आहोत. आपल्या निर्यात-आयात बँकेकडून आफ्रिकी आणि आशियाई देशांना सवलतीचे कर्ज मिळते. घानातील तेमा ते म्पाकादान हा लोहमार्ग अशाच कर्जातून झाला. परंतु या कर्जांची सर्वसाधारण अट अशी की, कंत्राटाच्या ७५ टक्के मूल्याचा माल व सेवा भारतातूनच घ्यावयाची. अशा अटीत पोलादाची विक्री आपोआप होते, हे खरे. पण घाना २०२२ च्या अखेरीस परदेशी कर्जफेड थांबविण्याच्या अवस्थेला आला होता आणि श्रीलंका त्याआधी, एप्रिलमध्ये, त्याच वाटेने गेला होता. अशा देशांशी भिलाईच्या तोडीच्या अटींवर का बोलू नये? रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेश व्यापाराचा हिशेब रुपयांत करण्याची वाट खुली केली आहे. तिचा उपयोग केवळ आपला माल खपविण्यासाठी नव्हे, तर त्यांचा चहा, कोको आणि खनिजे घेण्यासाठीही करता येईल.

नेपाळचे उदाहरण जवळचे आहे. तेथील रोलिंग मिलवाले भारतातून बिलेट आणि स्पंज आयर्न घेतात आणि सळया आपल्याकडे पाडतात. बांगलादेशातील मिलना चट्टग्रामच्या किनाऱ्यावर फोडलेल्या जहाजांचे भंगार मिळते. या लहान गिरण्या त्या देशांचे जमशेदपूर नसतीलही, पण काही हजार घरांची चूल त्यांवर पेटते. त्यांना कच्चा माल विकणे हा रास्त व्यापार होय. त्यांच्या दारात तयार सळया तोट्याच्या भावाने ओतून त्यांना बुडविणे हा आपण १९२४ मध्ये ज्याविरुद्ध उभे राहिलो तोच प्रकार होय. भारत सरकारने एप्रिल २०२५ मध्ये स्वस्त आयातीविरुद्ध १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले, ते समर्थनीय होते. परंतु जकातीच्या आडोशाने देशात चढा भाव घ्यायचा आणि त्या नफ्याच्या बळावर परदेशात पाडून विकायचे, असे घडू लागले तर त्याचा भुर्दंड यावल-रावेरमधील घर बांधणारा शेतमजूर भरील. (आमच्याकडे केळीचा जाहीर भाव एक आणि बांधावरचा दुसरा असतो; सळईच्या बाबतीतही दोन भावांची कल्पना आम्हाला चटकन समजते.)

महाराष्ट्रात ही ‘संधी’ नेमकी कोणाची, हेही पाहू. सळयांसाठी प्रसिद्ध असलेले जालना समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर आत आहे. भंगार आणि स्पंज आयर्न बाहेरून आणायचे, महागडी वीज जाळून ते वितळवायचे आणि माल पुन्हा बंदराकडे धाडायचा, म्हणजे वाहतुकीचा भार दोन वेळा. शिवाय परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे येईपर्यंत थांबण्याइतके भांडवल लहान गिरणीकडे नसते. डोलवीसारखा रायगडच्या खाडीकाठचा अवाढव्य कारखाना मात्र आपल्या धक्क्यावरून माल चढवू शकतो. म्हणजे निर्यातवाढीसाठी सरकारी तिजोरीतून जी सवलत निघेल, ती आपसूक मोठ्यांकडेच जाईल. जालन्याच्या भट्ट्यांवर राबणारा कंत्राटी कामगार, ज्याचे सोबती स्फोटांत भाजून निघाल्याच्या घटना घडलेल्या आहेत, त्याच्या वेतनात या व्यापाराने एका रुपयाचीही भर पडेल असे मानण्यास आधार नाही.

काही मित्र म्हणतात, आपल्याच देशात दरडोई पोलादाचा वापर १०० किलोंच्या आसपास असता, आणि जगाची सरासरी २०० च्या वर असता, बाहेर विकायचेच कशाला? हा आक्षेप वजनदार आहे; खेड्यांतील वापर तर त्या शंभराच्याही कितीतरी खाली आहे. परंतु घरचा वापर वाढतो तो लोकांच्या हातात पैसा आल्याने, निर्यात रोखल्याने नव्हे. ज्याच्याकडे पत्र्याचे छप्पर घालण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी गोदामातले पोलाद स्वस्त झाले तरी दूरच राहते.

संसदेतील आपल्या मित्रपक्षीय सभासदांनी येत्या अधिवेशनात दोन साधे प्रश्न विचारावेत. निर्यात-आयात बँकेच्या कर्जांतून गेल्या दहा वर्षांत बाहेर गेलेल्या पोलादापैकी किती लहान गिरण्यांचे होते? आणि त्या मालाला लावलेला टनामागील भाव त्याच महिन्यात जळगावच्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या भावापेक्षा किती कमी किंवा अधिक होता?