खेळाडूचा देह कोणाच्या मालकीचा?

अमेरिकन फुटबॉलमधील ‘वाइड रिसीव्हर’चे काम म्हणजे दूरवरून फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणे. नजर चेंडूवर, हात उंचावलेले; त्या क्षणी तो सर्वस्वी असंरक्षित असतो. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा डॅरिल स्टिंग्ली १२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंड येथे असाच झेपावला. जॅक टेटमच्या धडकेने त्याचे मानेचे मणके मोडले आणि सव्विसाव्या वर्षी हातपाय कायमचे लुळे पडले. सामना हंगामपूर्व, गुणतक्त्यात न धरला जाणारा. तिकिटे मात्र विकलेली! पंचांनी दंड केला नाही, कारण धडक नियमात बसत होती.

एकट्या टेटमला दोष देणे सोपे आहे. परंतु नियम कोण करतो आणि नफा कोणाच्या पदरात पडतो, हा खरा प्रश्न होय. १९८२ साली या खेळाडूंनी एकूण उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा मागत ५७ दिवस संप केला. एवढ्या पगारदारांना संप कशाला, असे कोणी विचारील. पण ज्याच्यापाशी विकण्यास केवळ देहच आहे, तो श्रमिकच. स्टिंग्ली २००७ साली वारला. आज तशी धडक नियमबाह्य आहे. म्हणजे नियम तेव्हाही बदलता आला असता.