पोरीच्या चित्रकलेचा हिशेब

"ताई, ह्या चित्रं काढायच्या शिक्षणात पोरीचं पोट भरंल का वो?"

आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या केंद्रावर येणाऱ्या बचत गटातल्या एका बाईंनी मला हा प्रश्न विचारला. करवीर तालुक्यातलं गाव, दीड एकर ऊस, दोन म्हशी. मुलगी बारावी झालेली, एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड. तिला कोल्हापुरात राहून जी. डी. आर्ट करायचं होतं. घरातल्या पुरुषांचं मत होतं, नर्सिंगला घाला. मी एम. एस. डब्ल्यू. झालेली, समुपदेशनात मुरलेली. बाईंचं पुरतं ऐकून न घेताच मी म्हणाले, "नर्सिंगलाच घाला. चित्रं काय, घरी बसूनही काढता येतील."

मैत्रिणींनो, हे वाक्य मला अजून टोचतं. 'घरी बसून करता येईल' असं बाईच्या कोणकोणत्या कामांना म्हटलं जातं आणि त्या कामांची मजुरी काय पडते, हे मी शिबिराशिबिरांतून सांगत होते. ब्लाऊज शिवणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांबद्दल बोलताना माझा आवाज चढायचा. चित्र काढणारी मुलगी त्या यादीत बसते हे काही सुचलं नाही.

बाईंनी माझं ऐकलं नाही. गटाकडून कर्ज उचललं, एक म्हैस विकली आणि मुलीला कलामहाविद्यालयात घातलं. आज ती मुलगी शिकून बाहेर पडली आहे, लग्न होऊन शहरातच राहते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघी एका वहीत तिचा सगळा हिशेब मांडून बसलो. तो तिच्या परवानगीनं इथं देते, कारण असा प्रश्न घेऊन आई-मुली तुमच्याकडेही येत असणार.

फाउंडेशन धरून पाच वर्षांचा खर्च पावणेतीन लाख. निम्म्याहून थोडी जास्त फी, बाकी रंग, कागद, कॅनव्हास, एस.टी.चा पास, अभ्यास सहली. फी कशीबशी जमते, पण महिन्याच्या मध्यावर रंगाची ट्यूब संपली की बापापुढं हात पसरावा लागतो आणि तिथं 'परवाच तर आणलीस' हे ऐकावं लागतं. पहाटे रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर लँडस्केपला बसायचं तर सोबत भाऊ हवा, असंही घरातून होतं. वर्गातली मुलं एकटी जोतिबाच्या डोंगरावर जाऊन दिवसभर काम करून यायची. हिच्या वहीत त्यामुळे निम्मीच स्केचेस. हा तोटा रुपयांत कसा मांडायचा ते आम्हाला जमलं नाही.

आता मिळकत. दोन शाळांत तासिकेवर चित्रकला शिकवते, हातात महिना सात हजार, तेही वर्षातले दहा महिने. घरी क्लास, पंधरा मुलं, चारशे रुपये. इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक पाठवतात. परीक्षा झाली की क्लास रिकामा, त्यामुळे सहा महिने धरायचे. गणपतीच्या हंगामात कुंभार गल्लीतल्या एका कारखान्यात रंगकाम, बावीस हजार. सगळं मिळून वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. तिची चुलतबहीण नर्स आहे. खाजगी दवाखान्यात महिना चौदा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख अडुसष्ट हजार, रात्रपाळ्यांसकट.

म्हणजे पैशापुरतं बोलायचं तर माझा सल्ला चुकला नव्हता. चाळीस हजारांचा फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 'कलेचं मोल पैशात होत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या घरात बहुधा दुसरा कुणीतरी कमावता असतो. दीड एकरवाल्या आईला असं सांगणं ही फसवणूक आहे.

पण हा फरक पडतो कुठं, ते शोधायला आम्ही वही परत उघडली.

कारखान्यात तिला रोज साडेचारशे. शेजारी बसून तेच काम करणाऱ्या मुलाला सातशे. मालकाचं म्हणणं, तो डोळ्यांची आखणी करतो. हिलाही आखणी येते, पाच वर्षं माणसाचा चेहरा काढायला शिकली आहे. पण आखणीला बायकांना बसवायची तिथं पद्धत नाही. घासणं, पांढरा हात देणं, अंगाचा रंग, हे बायकांचं. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला. काम 'समान' आहे हे कुणी ठरवायचं, यातच सगळी गोम. पन्नासेक दिवसांचे साधारण बारा हजार तिथं गेले.

पुढं तिनं वर्षभरात फुकट केलेल्या कामांची यादी काढली. अकरा कामं निघाली. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा, दिराच्या हळदीची सजावट, नणंदेच्या डोहाळेजेवणाची रांगोळी, गावच्या शाळेच्या भिंतीवरची चित्रं, शेजारणीच्या मुलीचे प्रोजेक्ट. बोर्ड रंगवणारा पेंटर जो दर लावतो तो लावला तर सत्तावीस-अठ्ठावीस हजारांचं काम. बारा आणि अठ्ठावीस, चाळीस. नर्स बहिणीशी असलेला फरक तिथंच भरून निघाला! वही मिटून दोघी गप्प बसलो.

या अकरांतली दोन कामं आमच्या संघटनेची होती. त्याबद्दल शेवटी.

कोल्हापूरला आपण कौतुकानं कलापूर म्हणतो. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, बाबा गजबर, रवींद्र मेस्त्री, चंद्रकांत मांडरे ही नावं शाळकरी मुलांनाही ऐकून माहीत असतात. इथं 'पेंटर' हे तर आडनावासारखं लागतं, आणि ते लागतं पुरुषाला. या नावांच्या मालिकेत एक बाई सांगा म्हटलं तर आपण अडतो. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथंच मोठ्या पदापर्यंत चढले. त्यांची मुलगी अंबिका १९३१ साली त्याच जे. जे.मधून जी. डी. आर्ट झाली. त्या काळी ही शिडी चढणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 'माझी स्मरणचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र आपल्या वाचनालयांत ठेवण्यासारखं आहे. बापाचं नाव घरोघरी गेलं, तीच पदविका घेतलेल्या लेकीचं नाव मात्र मुद्दाम सांगावं लागतं.

आजच्या मुलींची गोष्ट नावापर्यंत जातच नाही, पगारापाशीच थांबते. शाळेतली नोकरी हा त्यांचा मोठा आधार. ए. टी. डी. किंवा डिप. ए. एड. केलं की चित्रकला शिक्षिका होता येईल, या आशेवर कितीतरी घरांनी मुलींना पाठवलं. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून बघा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी 'अंशकालीन' निदेशक असावेत, असं तिथं लिहिलं आहे. गणित-विज्ञानाला, भाषेला शिक्षक; कलेला अंशकालीन. ज्या कायद्यासाठी आपण मोर्चे काढले, त्यातच ही नोंद आहे, आणि आपल्यातल्या फार थोड्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. पूर्ण पगाराची जागा कुठं निघालीच तर संस्थेच्या 'देणगी'ची कुजबुज सुरू होते. मुलासाठी शेत गहाण टाकून ती भरणारे बाप मी पाहिले आहेत. मुलीसाठी अजून एकही भेटला नाही. तिची नोकरी 'दुसऱ्याच्या घरात जाणार' ना!

आणि याच घरानं थोरल्या मुलीच्या लग्नात सव्वाचार लाख घातले होते. ते कधी वसूल होणार, हा प्रश्न घेऊन मात्र केंद्रावर कुणी आलं नाही.

तेव्हा अशी आई तुमच्याकडे आली तर 'हो' किंवा 'नको' सांगायची घाई करू नका. कागद घ्या. पदवी की पदविका, त्यावर शाळेत नोकरी लागते का, की वेगळा शिक्षणाचा कोर्स करावा लागतो, हे आधी विचारा. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. आपलं कॉलेज आणि तो अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या. रंग-कागदाची तजवीज मात्र गटालाच करावी लागेल. आणि मुलीला पहिल्या वर्षापासून दर सांगायला शिकवा. 'तुम्ही द्याल ते' हे शब्द तिच्या तोंडून काढून टाकायला आम्हाला दोन वर्षं लागली. फ्लेक्सनं हाताचे बोर्ड खाल्ले, आता संगणक सांगितल्याबरोबर चित्र काढून देतो. काम आधीच आटतंय. उरलेलं फुकट करून चालणार नाही.

आता आमची दोन कामं. आठ मार्चचा कापडी फलक आणि हिंसाविरोधी पंधरवड्याची पोस्टर्स. चार वर्षं तीच करत आली. मंडपवाल्याला, माईकवाल्याला, चहावाल्याला आम्ही पैसे दिले. तिला दिलं प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल.

यंदा तिनं बिल पाठवलं, साडेतीन हजारांचं. बैठकीत तासभर चर्चा झाली. 'चळवळीचं काम आहे, त्याचे कसले पैसे' असं दोघी म्हणाल्या, त्यातली एक अजून माझ्याशी धड बोलत नाही. बिल मंजूर झालं. मग कोषाध्यक्ष मैत्रिणीनं विचारलं, हा खर्च कुठल्या सदरात टाकू? आमच्या वहीत तसं सदरच नव्हतं. सध्या 'किरकोळ'मध्ये टाकला आहे.