भोसरीतल्या संशोधनाला भोसरी-चाकणचाच पैसा हवा

भोसरी, पिंपरी, निगडी, तळेगाव आणि चाकणच्या कामगारांनो, युनियनच्या पुढाऱ्यांनो, कारखानदारांनो! हे पत्रक वाचा आणि वाचून शेजाऱ्याच्या हातात द्या.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत थांबवण्याच्या हुकमावर सही केली आणि हैदराबाद, कल्याण, पुणे इथल्या ‘मित्र’ क्लिनिकना टाळं लागलं. तृतीयपंथी माणसांसाठीचे हे दवाखाने होते. एचआयव्हीची तपासणी आणि सल्ला तिथे मिळायचा, आणि मान खाली न घालता आत जाता यायचं. सही वॉशिंग्टनला झाली, दवाखाना पुण्यात बंद पडला. हैदराबादचा दवाखाना पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीनं नव्या नावानं उघडला. म्हणजे देशातला पैसा मनात आणलं तर उभा राहतो. मग प्रश्न अमेरिकेला नाही, आपल्याला आहे: आपला पैसा कुठे होता?

१९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आपली ‘नारी’, भोसरी एमआयडीसीतच आहे. नाव आता बदललंय, काम तेच आहे. त्या कामाचं मोल सांगतो. १९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेश्याव्यवसायाशी काहीएक संबंध नसलेल्या बायकांमध्ये शेकडा १३ हून जास्त जणींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली, आणि त्यातल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नव्हता. तोवर हा रोग ‘त्या’ वस्तीचा म्हणून सारे हात झटकत होते. अभ्यास झाला, म्हणून घरातली बाई दिसली. पुढे २०११ मध्ये नऊ देशांतल्या चाचणीनं दाखवून दिलं की औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. त्या चाचणीत पुण्यातली जोडपीही होती. पैसा मात्र अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा होता.

आता आजचा हिशेब बघा. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण शेकडा ०.२ आहे. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये ते शेकडा चारच्या जवळ निघालं, आणि सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये शेकडा नऊ. सरकारच्या कार्यक्रमात सुई आहे, ट्रकचालक आहेत, स्थलांतरित कामगारही आहेत. बाटली नाही. आणि या पट्ट्यात जी नशा चालते ती मुख्यतः बाटलीची.

खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे इथल्या खोल्यांत जाऊन बघा. एका खोलीत सहा-आठ पोरं, कुणी बिहारचा, कुणी बीड-लातूरकडचा, सगळे ठेकेदाराकडे. त्यातल्या एकाला एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) चालू असते. गोळ्यांची बाटली खुळखुळते, म्हणून तो तिच्यात कापूस कोंबतो. पगार झाला की खोलीत दारू येते. नको म्हटलं तर कारण सांगावं लागतं, म्हणून तोही पितो. आणि प्यायल्यावर गोळी घेत नाही, कारण दारूवर गोळी घेतली तर विष होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. दारू वाईटच, पण गोळी चुकवणं त्याहून वाईट, हे त्याला कुणी बजावलेलं नसतं. गोळ्या संपतात तेव्हा केंद्रावर जायचं म्हणजे खाडा, आणि ठेकेदाराकडे दोन खाडे झाले की गेटपास गेला. एका माणसाच्या अंगावर दारू, ठेकेदारी आणि रोग असे तीन भार आहेत. ते एकमेकांना कसे वाढवतात आणि कुठे हात घातला तर सुटतात, हे या पट्ट्यापुरतं शोधून काढायला हवं. मुंबईच्या एआरटी केंद्रांवर दारू आणि औषधांचा असा अभ्यास झालाय. तोही अमेरिकेच्याच पैशातून.

सरकारकडे दोन खिडक्या आहेत. व्यसनाची खिडकी सामाजिक न्याय खात्याची, एचआयव्हीची खिडकी आरोग्य खात्याची. माणूस एकच, पण तो दोन्ही खिडक्यांच्या मधे पडतो. २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानं सांगितलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात. त्यात एचआयव्ही असलेले किती, तृतीयपंथी किती, ठेकेदारीवरचे किती? हे मोजायचं, तर पैसा लागतो.

पैशाचं म्हणाल तर पुण्याला हे नवं नाही. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात अडकलेल्या पोरांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. आधी शोध, मग घरचा पैसा, मग संस्था. कुठल्या परदेशी अनुदानाची वाट बघितली नाही.

आज तर कायदाही आपल्या बाजूनं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करायचे असतात. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्या, असं तोच कायदा सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला संशोधनासाठी दिलेला पैसाही २०१९ पासून त्यात धरला जातो, आणि भोसरीची संस्था याच परिषदेची आहे. चाकणहून भोसरी किती लांब? वृक्षारोपणाचे फोटो आणि शाळेला दिलेल्या वह्या यांच्यापलीकडे बघायला काय अडचण आहे?

अडचण एकच, आणि ती आम्ही उघड बोलतो. दारुडा, हिजडा, परप्रांतीय अशा शब्दांत ज्यांना उडवून लावता येतं, त्यांच्या नावावर कंपनीला फलक लावायचा नाही. ‘त्यांचं त्यांनी ओढवून घेतलंय’ असं म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: तुमच्या गाड्यांचे सुटे भाग जोडणारे हात कुणाचे आहेत? पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. ज्या शहराला हे जमलं, त्याला पुढचं पाऊलही जमेल.

म्हणून आम्ही मागतो. पट्ट्यातल्या कंपन्यांनी दोन टक्क्यांतला ठरावीक हिस्सा सलग पाच वर्षं या संशोधनाला द्यावा; एका वर्षाचा चेक नको, कारण अशा अभ्यासात माणसांचा विश्वास बसायलाच वर्ष जातं. महापालिका आणि जिल्हा परिषदेनं आपला वाटा अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. काय शोधायचं हे ठरवताना ठेकेदारीवरचे कामगार, तृतीयपंथी आणि एचआयव्हीसह जगणारे लोक टेबलावर बसलेले असावेत. पैसा कंपनीचा असला तरी एकही नाव, एकही अहवाल कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या हाती जाता कामा नये. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं नोकरीसाठी तपासणीची अट घालायला बंदी केलीय. संशोधनाच्या आडून ती मागच्या दारानं आली तर पहिला विरोध आम्हीच करू. आणि पाळी सुटल्यावर उघडं असणारं एआरटी केंद्र चाकणला सुरू करून त्याचा काय फरक पडतो, तो याच अभ्यासात मोजावा.

युनियनच्या मित्रांनो, पुढच्या वेतन कराराच्या बैठकीत सीएसआरचा हिशेब मागा आणि हा विषय काढा. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत एचआयव्ही कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्याकडे तो कोण आहे, हेही त्याच बैठकीत विचारा.

ज्याला तपासणी करून घ्यायची आहे किंवा गोळ्यांबद्दल विचारायचं आहे, त्यानं १०९७ वर फोन लावावा. फोन फुकट आहे. सरकारी केंद्रावर तपासणी आणि गोळ्याही फुकट मिळतात. आदल्या रात्री प्यायला असलात तरी आजची गोळी घ्या.

भोसरी-चाकण पट्ट्यातले काही कामगार आणि आरोग्य कार्यकर्ते