खरे नाणे कोणते?

शाळेच्या प्रदर्शनात जुन्या नाण्यांखाली राजाचे नाव आणि सन लिहिलेला असतो. माझे मत असे की तेवढ्याने नाणे कळत नाही. वजन लिहा, धातू लिहा आणि त्या काळी त्या नाण्याला काय मिळत होते तेही लिहा.

पानिपतचेच पाहा. १७६० च्या अखेरीस अब्दालीने मराठ्यांच्या छावणीची रसद तोडली. भाऊसाहेबांनी त्याआधी दिल्लीच्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून रुपये पाडले होते, तेही संपले. मग छावणीतच टांकसाळी घातल्या आणि दागिने, भांडी आटवून भाऊशाही, मल्हारशाही, जनकोशाही नाणी पाडली. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. कोळशाची भट्टी, भाता आणि मूस असली की सोनाराला ते साधते. हा पैसा पंधरवडाभरच पुरला, असे सांगतात. चांदी अस्सल होती, पण धान्यच येत नव्हते! १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज लढाईला बाहेर पडली.

याउलट, १५७४ मध्ये हॉलंडमधील लायडन शहराला वेढा पडला, तेव्हा तेथे पुस्तकांची पाने दाबून कागदाची नाणी केली. कागदाला किंमत कसली? किंमत होती ती शहराच्या शब्दाला.

आपल्याकडे वेढा नव्हता, तरी दुसऱ्या महायुद्धात तांबे काडतुसांसाठी हवे होते. म्हणून १९४३ मध्ये सरकारने भोकाचा पैसा काढला. मुंबईच्या टांकसाळीतही तो पडत असे. जुना पैसा सुमारे ४.९ ग्रॅमचा, हा जेमतेम २ ग्रॅमचा. तरीही रुपयाचे पैसे चौसष्टच! बाजारात माल होता तोवर दुकानदाराने भोक मोजले नाही. पानिपतच्या चांदीपेक्षा मी या पैशाला अधिक खरे नाणे म्हणेन. आमच्या थेरगावात प्रेसवर काम करणाऱ्या कारागिराला तो दाखवलात, तर तो मात्र त्याला वायसरच म्हणेल.

शिक्षकांना एक विनंती. दोन्ही पैसे मिळाले तर आर्किमिडीजच्या रीतीने त्यांची घनता काढून घ्या. दोन्ही कांस्याचेच, म्हणून उत्तर ८.८ च्या आसपास यावे. धातू हिणकस केला नाही, नुसता कमी केला, हे मुलांना आपोआप दिसेल. १९४० नंतरच्या रुपयाची गोष्ट वेगळी. त्यातली चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली होती, त्यामुळे त्याची घनता आधीच्या रुपयापेक्षा कमी भरेल. पाण्यात बुडवण्यासाठी भोकाच्या पैशाला दोरा बांधणे तर फारच सोपे.