बाटलीचे वय आणि बाटलीची वाट

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांच्या भोजनप्रसंगांना अलीकडे एक नवे दैवत लाभले आहे. इटलीहून आलेले, पिंपात आणि बाटलीत वर्षानुवर्षे मुरलेले तांबडे द्राक्षमद्य हे ते दैवत होय. जयपूरच्या वायव्येस, सीकर रस्त्याच्या बाजूला वसलेल्या मुरलीपुऱ्यात आम्हां मराठी अधिकाऱ्यांची जी थोडीबहुत घरे आहेत, त्यांतही या दैवताची यथासांग प्रतिष्ठापना झाली आहे. शनिवारी रात्री पाने मांडली जातात, बारोलो किंवा ब्रुनेल्लो या नावाची बाटली मध्यभागी विराजमान होते, तिच्यावरील साल मोठ्याने वाचले जाते, आणि पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वीच 'वाहवा' होते. या 'वाहवा'विषयी आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते गोड नाहीत.

आरंभीच सांगून टाकलेले बरे की, आमचे भांडण पिण्याशी नाही. ज्याला प्यावयाचे नाही त्याने खुशाल पिऊ नये. ज्याला कायद्याच्या मर्यादेत राहून मित्रांसमवेत एखादा पेला घ्यावयाचा आहे, त्याला आम्ही कीर्तन ऐकविणार नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आमच्या प्रांताला परवान्याचा कागद दिला आणि त्या कागदापाठोपाठ 'परमिट रूम'ही दिली. त्यामुळे पिणारे कमी झाले की केवळ दबकत पिणारे वाढले, हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आमचे भांडण आहे ते एका न विचारलेल्या प्रश्नाशी. या बैठकींत बाटलीचे वय सर्वजण विचारतात. बाटलीची वाट कोणीच विचारीत नाही. ती कोठून, कशी आणि कोणाच्या हातून या टेबलावर आली, हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. आमच्या मते ते न विचारणे हाच असभ्यपणा आहे.

वयाला मान द्यावा, हे आम्हांला मान्य आहे. मुरणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. लोणच्याची बरणी फडताळात दडवून ठेवणाऱ्या आजीने ते आम्हां सर्वांना शिकविले आहे. इटलीच्या वायव्य भागात पिएमोन्ते प्रांत आहे. तेथील टेकड्यांवर पिकणाऱ्या नेब्बिओलो जातीच्या द्राक्षापासून बारोलो तयार होते, आणि द्राक्षे खुडली त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून निदान ३८ महिने, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात, ते मुरलेच पाहिजे असा तेथला कायदा आहे. 'रिझेर्वा' म्हणवून घ्यावयाचे तर ही मुदत ६२ महिन्यांची होते. तस्कनीतील मोंताल्चिनो गावचे ब्रुनेल्लो सांजोवेझे या द्राक्षाचे असते, आणि तेही खुडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत बाजाराचे तोंड पाहत नाही. या काळात आणि पुढे बाटलीत जे घडते ते खरोखर नवलाचे आहे. कोऱ्या चहात असते तसे एक तुरट द्रव्य तांबड्या मद्यात असते. त्याचे कण हळूहळू परस्परांना चिकटतात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. जिभेला बोचणारा तुरटपणा मवाळ होतो. जांभळट तांबडा रंग विटकरी होऊ लागतो. ताज्या फळाचा वास मावळून वाळलेली पाने, चामडे, तंबाखू यांची आठवण करून देणारा गंध येतो. हे ज्याने एकदा लक्षपूर्वक अनुभवले, तो त्या देशाच्या शेतकऱ्याला मनोमन नमस्कारच करील.

परंतु हे सारे घडते ते काही अटींवर. अशी बाटली बारा ते पंधरा अंशांच्या सारख्या थंडाव्यात, अंधारात, आडवी निजवून ठेवावी लागते. आडवी अशासाठी की बूच ओले राहावे आणि हवा आत शिरू नये. आता आमच्या जयपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणावा. पारा पंचेचाळिसाला टेकतो, हवेत ओलावा औषधालाही सापडत नाही. अशा ठिकाणी बैठकीच्या खोलीतील काचेच्या कपाटात, ढाली आणि मानचिन्हे यांच्या रांगेत, पाच-सहा उन्हाळे उभी राहिलेली बाटली मुरत नसते. ती शिजत असते. बूच सुकते, वारा आत शिरतो, आणि वय वाढते तसे मद्य मरत जाते. मुंबई बंदरापासून जयपूरपर्यंत ती कोणत्या ऋतूत आणि कसल्या मालमोटारीतून आली, हेही तिच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. म्हणजे नुसत्या चवीचा विचार केला तरी वयापेक्षा वाटेची चौकशी अधिक महत्त्वाची ठरते.

मग अशा मेलेल्या मद्याची 'वाहवा' का होते? याचे उत्तर जिभेत नाही, हुद्द्यात आहे. एका बैठकीत अशी एक बाटली उघडली गेली. रंग चहाच्या चोथ्याचा, वास आंबलेल्या सफरचंदाचा. बैठकीतील सर्वांत ज्येष्ठ साहेबांनी डोळे मिटून 'काय खोली आहे!' असा अभिप्राय दिला, आणि ती खोली एका पानावरून दुसऱ्या पानावर पसरत पंगतीच्या टोकापर्यंत गेली. कचेरीत टिप्पणीखाली सह्या चढतात तशी ही संमती. कचेरीत निदान एखादा कारकून 'विचारार्थ सादर' असे लिहून सुटका तरी करून घेतो. येथे तेवढीही सोय नाही. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे नाव-गाव झाकलेले पेले ठेवले, तेव्हा त्या मातब्बर परीक्षकांनी आपल्या देशातील थोर नावे बाजूस सारून पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला दिला. तांबड्यातही आणि पांढऱ्यातही. चिठ्ठी झाकली की जीभ खरे बोलते, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या बैठकींत चिठ्ठी झाकण्याची चाल नाही, कारण तेथे चवीची परीक्षा होत नसून ऐपतीचे प्रदर्शन होत असते.

आणि ऐपत म्हटली की दुसऱ्या वाटेचा प्रश्न येतो. आमच्या लेखाचा खरा रोख तिकडेच आहे. परदेशी मद्यावर आपल्या देशात दीर्घकाळ दीडशे टक्के सीमाशुल्क होते, त्यावर राज्यांचे कर निराळे. चांगल्या सालाची मुरलेली इटालियन बाटली पाच हजार रुपयांची मर्यादा सहज ओलांडते. पाच हजार हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे वरच्या दोन वर्गांतील अधिकाऱ्याला याहून अधिक मोलाची भेट सरकारच्या अनुमतीवाचून परक्याकडून घेता येत नाही, आणि ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांचा डामडौलाचा किंवा वारंवारचा पाहुणचारही टाळावा असे तेच नियम सांगतात. हे नियम आम्हांला कोणी शिकवावयास नको. आम्ही ते हाताखालच्यांना शिकवितो. परंतु बाटलीला बूच आहे तसे या नियमांनाही आम्ही बूच लावून ठेवले आहे. 'एका स्नेह्याने आणून दिली,' एवढ्या वाक्यावर पंगत समाधान पावते. तो स्नेही कंत्राटदार आहे की पुरवठादार, त्याची फाईल यजमानांच्या टेबलावर आहे की नाही, हे विचारील तो अरसिक! ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आमच्या पूर्वजांनी पोळीवरून केली. बारोलोवरून केली असती तर टाळीऐवजी सहीचा उल्लेख आला असता.

ज्या देशाच्या बाटलीपुढे आम्ही हात जोडतो, त्या देशाकडून ही एक गोष्ट तरी शिकावी. १९८६ साली त्याच पिएमोन्ते प्रांतातून निघालेल्या स्वस्त मद्यात मेथिल अल्कोहोल मिसळलेले आढळले. वीसहून अधिक माणसे मेली, कित्येकांची दृष्टी गेली. इटलीची मान जगभर खाली गेली. मग १९९२ साली त्यांनी कायदा सुधारून अधिक कडक केला. आज तेथील सर्वोच्च प्रतीच्या प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी क्रमांक घातलेली सरकारी पट्टी असते, म्हणजे कोणत्या मळ्यातून, कोणत्या तळघरातून ती निघाली याचा माग लागतो. इटलीतल्या तळघरापासून जयपूरच्या दुकानापर्यंत असा हिशेब राहतो, आणि दुकानापासून आमच्या टेबलापर्यंतच्या चार मैलांत तो नाहीसा होतो! ज्यांचा धंदाच हिशेब तपासण्याचा, त्यांच्याच घरी हे घडावे यासारखी विटंबना नाही.

याच जयपूर शहरात गुरुशरण छाबडा नावाच्या माजी आमदारांनी २०१५ च्या ऑक्टोबरात उपोषण आरंभिले आणि ३ नोव्हेंबर रोजी त्यांचा प्राण गेला. त्यांच्या मागण्या दोन होत्या: राज्यात संपूर्ण दारूबंदी आणि समर्थ लोकायुक्त. पहिल्या मागणीशी आमचे मत जुळत नाही. परंतु या दोन मागण्या त्या माणसाने शेजारी-शेजारी का मांडल्या, याचा विचार आम्ही पेला हातात धरूनच करावा, असे आम्हांला वाटते. मद्य आणि लाच यांचे सख्य त्यांना जे दिसले, ते आम्हांला दिसू नये इतकी आमची दृष्टी मंद नाही.

यावर दोन आक्षेप येतील, ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला असा की, एका बाटलीने कोण विकला जातो? एका बाटलीने कोणीच विकला जात नाही. परंतु पहिल्या बाटलीने विचारण्याची सवय मोडते, आणि सवय मोडल्यावर पुढचे सारे सोपे असते. दुसरा आक्षेप असा की, ही मैत्री आहे, तिला नियमांची फूटपट्टी लावू नये. ठीक; मग एक साधी कसोटी घ्यावी. आपली बदली जयपूरहून दूर, कामाचा काडीचाही संबंध नसलेल्या जागी झाली, तर हा स्नेही दुसरी बाटली धाडील काय? ज्याला या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देता येईल त्याने निःशंक बूच काढावे.

कोणी म्हणेल, पावती मागणे हा यजमानाचा अपमान आहे. दिवसभर पावती जोडली नाही म्हणून शिपायाच्या प्रवासभत्त्याचे देयक परत धाडणाऱ्या आम्हां लोकांच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतले की टाळ्या देणारे आम्ही; त्यांच्या निःस्पृहतेचा वारसा सांगावयाचा तो केवळ भाषणापुरता काय? परप्रांतात मराठी अधिकाऱ्याला काही मान मिळतो तो त्याच्या गोड बोलण्यामुळे नव्हे. तो हिशेबाला चोख आहे, या लौकिकामुळे. तो लौकिक मागच्या पिढ्यांनी मुरविला आहे, आणि उन्हात ठेवला तर तोही बाटलीसारखाच नासतो.

मग करावे काय? आमच्या सूचना अगदी व्यवहाराच्या आहेत. बाटली वर्गणीची असावी. सहा जणांनी सारखे पैसे घालून, पावती घेऊन आणावी. ती कागदात गुंडाळून पेले भरावेत, आणि अभिप्राय सर्वांत कनिष्ठाने प्रथम द्यावा. आदल्या दिवशी तिला उभी करून गाळ तळाशी बसू द्यावा, आणि खोलीच्या नव्हे तर सोळा-अठरा अंशांच्या थंडाव्यात वाढावी. मथानियाच्या मिरचीचे लाल मांस किंवा कोल्हापुरी तांबडा रस्सा यांच्यासमोर ती आणू नये. तिखटाने मद्याची आग वाढते आणि वीस वर्षांची नाजूक चव एका घासात पुसली जाते. सौम्य भाजलेले मांस किंवा मुरलेले चीज तिला पुरे.

आणि सहा जणांच्या वर्गणीत इटलीची बाटली बसत नसेल, तर सोलापूर जिल्ह्याकडे पाहावे. अकलूजच्या परिसरात सेक्की, मोहिते-पाटील आणि सेखरी या तीन घराण्यांतील भावांनी मिळून 'फ्रातेल्ली' म्हणजे 'भाऊ' याच नावाने मळे उभे केले. तस्कनीचे पिएरो मासी तेथे मद्यनिर्मितीचे काम पाहावयास आले, आणि ब्रुनेल्लो ज्याचे होते तेच सांजोवेझे द्राक्ष माळशिरसच्या कोरड्या मातीत वाढले. सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणाला त्यांनी 'सेत्ते', म्हणजे 'सात', असे नाव दिले. ते ब्रुनेल्लोच्या तोडीचे आहे असा खोटा अभिमान आम्ही मिरवीत नाही. त्याचा निर्णय झाकलेला पेला करील. परंतु ते आपल्या पगारात बसते. पिकते तिथे विकत नाही, हा आमचा जुनाच रोग आहे.

येत्या शनिवारी मुरलीपुऱ्यात ज्यांच्या घरी पाने मांडली जातील, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, बाटलीशेजारी तिची पावतीही ठेवावी. पावती नसेल तर बाटली न उघडता आली तशी परत धाडावी आणि पाहुण्यांना ताक वाढावे.