समुद्र नसलेल्या जिल्ह्यातली बेटं

समुद्रापासून इतक्या दूर बसून बेटांवर अंक काढण्याचा उद्योग परभणीकरांनी का करावा, असं कोणी विचारलंच, तर त्यांना पाथरी तालुक्यातल्या मुद्गलला घेऊन जावं. तिथं मुद्गलेश्वराचं दगडी देऊळ थेट गोदावरीच्या पात्रात उभं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पात्रातून चालत दर्शनाला जाता येतं. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की चहूबाजूंनी गढूळ लोंढा आणि मध्ये देव एकटा. वर्षातले काही दिवसच बेट असणारी ही जागा भूगोलाच्या पुस्तकात सापडत नाही.

पालम तालुक्यात मात्र अशा बेट होण्याची भक्ती होत नाही, धास्ती असते. लेंडी नदी फुगली की फळा, आरखेडसारख्या गावांचा संपर्क तुटतो. दूध, शाळा, बाळंतीण, सगळं अलीकडे-पलीकडे अडकतं. एकांताचं कौतुक शहरातल्यांनी करावं!

साहित्याला बेटाचं वेड जुनंच. डॅनियल डीफोचा रॉबिन्सन क्रूसो 1719 सालचा. आपल्याकडे बेट म्हणजे आधी अंदमान: सावरकरांची ‘काळे पाणी’ कादंबरी तिथल्याच कैद्यांची. संगीतात राखमानिनोव्हनं 1909 मध्ये ‘मृतांचं बेट’ रचलं, तेही बोक्लिनचं चित्र पाहून. त्यात वल्ह्यांची लय पाचाच्या ठेक्यात चालते, म्हणून नाव सरळ न जाता किंचित लंगडत गेल्यासारखी वाटते.

या अंकात अंदमान आहे, जंजिरा आहे. पालमचा लेख मुद्दाम पहिला छापला आहे.